चूल, वैल आणि बंब

अग्नी मनुष्याला वश झाला, त्याला हजारो वर्षे लोटली. पण अग्नीची उधळपट्टी मात्र मनुष्याला अजून पुरती आवरता आलेली नाही. चुलीत घातलेल्या लाकडाची सारी ऊब भांड्याला लागत नाही. तिचा फार मोठा वाटा ज्वाळेबरोबर बाहेर पडतो, धुरासवे आढ्याला जातो, चुलीच्या मातीत मुरतो. तीन दगडांच्या उघड्या चुलीवर इंधनातील उष्णतेचा सुमारे दहावा हिस्साच पदरात पडतो, असे मोजमाप करणाऱ्यांनी सांगून ठेवले आहे. उरलेल्या नऊ हिश्शांचे काय करावयाचे, हा प्रश्न जगातील प्रत्येक संसारी समाजापुढे उभा राहिला आणि ज्याने त्याने तो आपापल्या हवेप्रमाणे व ऐपतीप्रमाणे सोडविला. युरोपातील थंड देशांनी चुलीच्या पाठीशी पाण्याची लोखंडी पेटी बसविली. महाराष्ट्राने चुलीला वैल जोडला आणि न्हाणीघरात तांब्याचा बंब आणला. या दोन्ही उत्तरांचा इतिहास एकमेकांशेजारी ठेवून पाहिला, तर घरातल्या एका कोपऱ्यातून समाजाची बरीच हकिकत वाचता येते.

आरंभ वैलापासून करणे योग्य. मातीच्या चुलीचे मुख्य तोंड पुढे असते. त्याच्या बाजूला, आतून एका भोकाने जोडलेले, दुसरे लहान तोंड असते. तोच वैल. काही भागांत त्याला औल असेही म्हणतात. वैलाला स्वतःचे इंधन घालावे लागत नाही. मुख्य चुलीवर भाकरी भाजली जात असता तिथून निसटणारी आंच वैलाखाली येते आणि तेवढ्यावर डाळ शिजते, दूध तापते, आधणाचे पाणी गरम राहते. ज्या कोणा गृहिणीने हे दुसरे भोक प्रथम पाडले, तिचे नाव इतिहासाने नोंदविलेले नाही. पण वाया जाणाऱ्या उष्णतेला पुन्हा कामाला लावणे, हे जे तत्त्व पुढे मोठमोठ्या यंत्रशास्त्र्यांनी सूत्रबद्ध केले, ते तिला पुरते उमगलेले होते.

पाणी आणि हवा तापविण्याची स्वतंत्र व्यवस्था भारतात किती जुनी आहे, याचे पुरावे ग्रंथांतून सापडतात. पाली विनयपिटकातील चुल्लवग्गात ‘जन्ताघर’ नावाच्या उष्णगृहाचे वर्णन आहे. वैशालीस भिक्षूंना मिष्टान्ने मिळू लागली, तेव्हा त्यांच्या शरीरांत दोष साचू लागले. म्हणून जीवक वैद्याच्या सूचनेवरून भगवान बुद्धांनी चंक्रमणाची आणि जन्ताघराची अनुज्ञा दिली, अशी तेथील कथा आहे. लहान जन्ताघरात अग्निस्थान एका बाजूस असावे, मोठ्यात मध्यभागी असावे, धूर जाण्यासाठी धूमनेत्र म्हणजे धुराडे असावे, पाणी ठेवण्याची जागा असावी, आणि आंचेने चेहरा भाजू नये म्हणून तोंडाला माती लावावी, इतक्या बारकाईने नियम दिलेले आहेत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ‘जेन्ताक’ नावाच्या स्वेदगृहाचे वर्णन येते. गोलाकार घर, त्याला पुष्कळ झरोके, भिंतीलगत बसावयास ओटा, आणि मध्ये पुरुषभर उंचीची, झाकण असलेली मातीची भट्टी. त्या भट्टीत खैराची किंवा अश्वकर्णाची लाकडे पेटवावीत. ती पुरती जळून धूर नाहीसा झाला म्हणजे मगच रोग्याने आत जावे, असे चरक सांगतो. धूर गेल्याखेरीज आत पाऊल ठेवू नये, ही अट आपण ध्यानात ठेवू. तिची आठवण पुढे येणार आहे.

पश्चिमेकडे रोमन लोकांनी हीच विद्या सार्वजनिक वैभवाच्या थराला नेली. विट्रूव्हियस या स्थापत्यकाराने भट्टीवर बसविलेल्या तीन काशाच्या पात्रांचे वर्णन केले आहे: एक कढत पाण्याचे, दुसरे कोमट पाण्याचे, तिसरे थंड पाण्याचे. पहिल्यातून जितके कढत पाणी काढावे, तितके दुसऱ्यातून कोमट पाणी त्यात उतरावे आणि दुसऱ्यात तिसऱ्यातून थंड पाणी यावे, अशी ती साखळी. सेनेका या तत्त्वज्ञाने तर तांब्याच्या पातळ नळ्यांचे वेढे असलेल्या जलतापकाचा उल्लेख केला आहे. एकाच अग्नीभोवती पाणी पुनःपुन्हा फिरते आणि थंड शिरलेले पाणी ऊन होऊन बाहेर पडते, हे त्याने इसवी सनाच्या पहिल्या शतकातच लिहून ठेवले आहे. रोमची सत्ता मोडली, तरी पूर्वेकडील प्रांतांतून ही विद्या अरबांच्या व तुर्कांच्या हाती आली आणि तिचा ‘हमाम’ झाला.

हाच हमाम मध्य आशियातून हिंदुस्थानात आला. १५२६ साली पानिपतची लढाई जिंकून आग्र्यास आलेल्या बाबराला या देशात ज्या गोष्टींची वाण भासली, त्यांत हमामही होता. उन्हाळा, वारा आणि धूळ या तिन्ही पीडांवर हमाम हाच उपाय, असे मानून त्याने यमुनेकाठच्या आपल्या बागेत तो बांधून घेतला. दख्खनच्या वाटेवर बऱ्हाणपूरच्या शाही किल्ल्यात आणि दौलताबादच्या किल्ल्यात मोगली हमाम आजही पाहावयास मिळतात. मराठ्यांनी मोगलांचे राज्य मोडले, पण त्यांचे काही शब्द आणि सोयी ठेवून घेतल्या. सरदारांच्या वाड्यांतील स्नानगृहाला ‘हमामखाना’ हे नाव मिळाले ते असेच.

तथापि हमामखाना हा चार वाड्यांचा विषय झाला. शेकडा नव्व्याण्णव घरांचा विषय न्हाणीचा. देशावर न्हाणीत किंवा परसात चुलाण असे आणि त्यावर हंडा चढे. कोकणात आणि गोव्याकडे चुलाणात कायमचे बसविलेले मोठे तांब्याचे भाण असे. इंधन त्या त्या मुलखाचे. कोकणात नारळाची सोडणे व झावळ्या, वऱ्हाडात पऱ्हाट्या आणि तुराट्या, उसाच्या मुलखात चिपाडे, आणि सर्वत्र शेणाच्या गोवऱ्या. तापलेले पाणी घंगाळात विसणायचे आणि तांब्याने अंगावर घ्यायचे, ही रीत. नरकचतुर्दशीच्या पहाटे या न्हाणीला देवघराची प्रतिष्ठा येई. आदल्या दिवशी हंडा घासून लखलखीत करावयाचा, त्याला कारिटाचा वेल गुंडाळावयाचा, आणि उजाडण्यापूर्वी घरातील प्रत्येकाने तेल-उटणे लावून ऊन पाण्याने न्हावयाचे. कर्नाटकात याच सुमारास पाणी भरण्याचा स्वतंत्र सण पाळतात. तमिळ मुलखातही दीपावलीचे मुख्य अंग पहाटेचे तैलस्नान हेच होय. व्यंकोजीराजांच्या मागून तंजावरास गेलेली मराठी घराणी तेथे रुजली, त्यांना आपली चतुर्दशी त्या मुलखात परकी वाटण्याचे कारण नव्हते. चेन्नईकडे थंडीत घर तापविण्याची गरज कधीच पडत नाही. तरीही तेथील जुन्या घरांत पाणी तापविण्याचे तांब्याचे पात्र असे. म्हणजे या देशाने आग घरासाठी पेटविली नाही. ती अन्नासाठी आणि स्नानासाठी पेटविली.

याला मराठी घरात एकच अपवाद होता, आणि तो मोठा बोलका आहे. बाळंतिणीची खोली तेवढी ऊबदार ठेवली जाई. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, ओवा-बाळंतशोपांची धुरी, दारे-खिडक्या बंद, आणि मायलेकरांसाठी सकाळी कढत पाणी. त्या उबेमागे माया होती, आणि अज्ञानही होते. बंद खोलीत धुमसणाऱ्या कोळशातून निघणारा विषारी वायू दिसत नाही, त्याला वास नसतो, आणि तो जीव घेतो. धूर गेल्यावरच आत जा, ही चरकाची शिस्त नेमकी जिथे पाळावयास हवी होती, तिथेच ती विसरली गेली.

आता बंबाकडे वळू. हा शब्द मूळचा मराठी दिसत नाही. पंप या अर्थाच्या पोर्तुगीज ‘बोंबा’ या शब्दाशी त्याचे नाते जोडतात. बादली, चावी, घमेले हे शब्द ज्या वाटेने आले, त्याच वाटेने हाही आला असावा. आग विझविणाऱ्या गाडीला मराठीत आजही बंबच म्हणतात. पाणी फेकणारा तो एक बंब आणि पाणी तापविणारा तो दुसरा. एकच शब्द आग पेटविण्याच्याही बाजूला आणि विझविण्याच्याही बाजूला उभा आहे, ही भाषेची एक मौजच.

बंबाची रचना साधी, पण विचारपूर्वक केलेली असते. बाहेर तांब्याचे उभे नळकांडे. त्याच्या पोटात मधोमध वरपर्यंत गेलेली नळी. नळीच्या तळाशी जाळी आणि जाळीखाली राख पडण्याची जागा. नळीच्या वरच्या तोंडातून कोळसे किंवा ढलप्या टाकाव्यात. पाणी नळीभोवती असल्यामुळे आंच चहूबाजूंनी पाण्यालाच लागते. चुलीवरच्या हंड्याला आग बाहेरून चाटते, तर बंबात आग पाण्याच्या पोटात शिरते. हाच दोहोंतील भेद. रशियातील चहाचा समोवार याच जातीचा. थंड पाणी वर बसविलेल्या नरसाळ्यातून ओतावे आणि कढत पाणी तोटीतून घ्यावे. त्यातही ‘आधी पाणी, मग विस्तव’ हा नियम; रिकाम्या बंबात विस्तव पडला तर त्याचे सांधे सुटलेच म्हणून समजावे.

या रचनेचा लाभ आकड्यांत मांडता येतो. वीस लिटर पाणी वीस अंशांवरून पंचेचाळीस अंशांवर न्यावयाचे तर ५०० किलोकॅलरी उष्णता लागते. वाळलेल्या एक किलो लाकडात सुमारे ३,५०० किलोकॅलरी असतात. त्यांतील दहावा हिस्साच कामी आला, तर एका स्नानाला जवळजवळ दीड किलो लाकूड जाळावे लागेल. तिसरा हिस्सा कामी आला, तर अर्ध्या किलोच्या आत काम होईल. सहा माणसांच्या घरात रोजचा हा फरक पाच-सहा किलोंचा पडतो. ज्या घरी लाकूड विकत येई, तिथे तो पैशांत दिसे. ज्या घरी ते डोक्यावरून येई, तिथे तो मानेला जाणवे.

हे बंब घडविणारे हात तांबट कारागिरांचे. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी ही त्वष्टा कासार समाजाची वस्ती. पेशवाईच्या काळात कोकणातून ही घराणी पुण्यास आली, असे त्यांची परंपरा सांगते. तांब्याच्या पत्र्यावर हातोडीचे नेमके ठोके देत गेले म्हणजे पत्रा कठीण होतो आणि त्यावर चकाकत्या टिकल्यांची जाळी उमटते. यालाच मठारकाम म्हणतात. मठार ही शोभा म्हणून दिसते. वस्तुतः ती भांड्याची बळकटी आहे. मऊ तांबे त्या ठोक्यांनीच वर्षानुवर्षे आकार टिकवून धरते. तांब्याची उष्णतावाहकता लोखंडाच्या जवळजवळ पाचपट असते, हे या कारागिरांनी पुस्तकांत वाचले नव्हते. पण पाण्याला तांबे आणि तव्याला लोखंड, ही निवड त्यांच्या आणि गृहिणींच्या हातांना ठाऊक होती.

पश्चिमेकडे याच सुमारास निराळी घडामोड चालली होती. तेथे थंडीचा प्रश्न जीवनमरणाचा. अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिनने आणि त्याच्यामागून काउंट रम्फर्डने उघड्या शेकोटीतून चिमणीवाटे वाया जाणारी ऊब अडविण्याचे प्रयोग केले. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या स्वयंपाकघरांतील लोखंडी चुलीमागे पाण्याची बंद पेटी बसविण्याची प्रथा रूढ झाली. हीच ती चुलीच्या पाठीची पेटी. तिच्यातून दोन नळ निघतात. तापलेले पाणी हलके होऊन एका नळाने वरच्या टाकीकडे चढते, निवलेले जड पाणी दुसऱ्याने खाली उतरते. पंपावाचून हे अभिसरण अखंड चालते. तेच पाणी पुढे खोल्याखोल्यांतून फिरविले, म्हणजे एका चुलीवर अन्न, स्नान आणि घराची ऊब अशी तीन कामे होतात. वैलाचेच तत्त्व; मात्र त्याला नळांची जोड मिळालेली.

पण या सोयीत एक धोका दडलेला होता. कडाक्याच्या हिवाळ्यात नळातील पाणी गोठे आणि वाट बंद होई. सकाळी नित्याप्रमाणे चूल पेटविली की पेटीत वाफ कोंडे आणि ती फुटून माणसे दगावत. पुढे वाफेला मोकळी वाट देणारे नळ आणि झडपा आल्या, त्या या अपघातांतून आल्या. मराठी बंबाला हे भय नव्हते. त्याचे तोंड उघडे, त्यामुळे वाफ कोंडण्याचा प्रश्न नाही. त्याने घर तापविले नाही, पण घर उडविलेही नाही.

इंग्रज महाबळेश्वरास आणि उटकमंडास गेले, तेव्हा त्यांनी बंगल्यांतून शेकोटीच्या भिंती उभारल्या. पण नळांचे जाळे मात्र त्यांनी सर्वत्र नेले नाही. ते नेण्याची गरजच नव्हती. पाणी परसात तापवून डब्यांतून न्हाणीत आणणारी माणसे येथे स्वस्तात मिळत. यंत्राची जागा माणसाने भरून काढावयाची, ही त्या राज्याची रीत स्नानगृहातही दिसते.

आणि लाकूड? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याचाच प्रश्न बिकट झाला. १८७८ च्या जंगल कायद्याने राखीव वनांची हद्द आखली गेली आणि सरपण, चारा व राब यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरलेली राने एकाएकी सरकारी झाली. महात्मा जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात जंगलखात्यावर जे कोरडे ओढले, ते याच अनुभवातून. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत तक्रारी इतक्या वाढल्या की मुंबई सरकारला १८८५ साली जंगल चौकशी मंडळ नेमावे लागले. कागदोपत्री हा वाद हक्कांचा आणि महसुलाचा होता. प्रत्यक्षात त्याचा भार पडला तो पहाटे कोयती घेऊन निघणाऱ्या बाईवर. रान जितके मागे सरले, तितकी तिची वाट लांबली. आणि घरी येऊन तीच चुलीपुढे बसली.

चुलीपुढचा धूर हा या इतिहासातील सर्वांत उपेक्षित भाग. वैलाने आंच वाचविली, पण धूर अडविला नाही. वर्ध्यास १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याच मगनवाडीतून १९४७ साली मगन चूल पुढे आली. भांड्यांची भोके एका ओळीत आणि शेवटी धुराडे, अशी तिची मांडणी होती. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतील डॉ. एस. पी. राजू यांनी याच दिशेने चूल बनविली आणि कोट्यवधींच्या स्वयंपाकघरांतून धूर घालविण्याचा ध्यास सांगणारी त्यांची इंग्रजी पुस्तिका १९५३ साली मद्रासहून प्रसिद्ध झाली. अशा चुलींत पुढच्या भोकावर अन्न आणि मागच्यावर, निघून जाणाऱ्या आंचेवर, पाणी. म्हणजे आपला वैलच, पण धुराड्यासह. पुढे बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील ‘अस्त्र’ या केंद्राने तीन भांड्यांची चूल सिद्ध केली आणि स्नानाचे पाणी तापविण्याच्या चुलीवरही काम केले. १९८३ पासून सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम चालला. २००२ साली तो राज्यांकडे सोपविण्यात आला. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ साली स्थापन केलेल्या ‘आरती’ या संस्थेनेही सुधारित चुलींवर काम केले.

इतके होऊनही धूर हटला नाही, त्याची कारणे शिकण्याजोगी आहेत. धुराडे काजळीने भरले की चूल ओढत नाही. ते साफ कोणी करावयाचे, हे कोणत्याही आदेशात लिहिलेले नव्हते. भोकांची मापे घरातल्या भांड्यांना जुळत नसत. शिवाय किती चुली बसविल्या याची मोजणी झाली, किती पेटत्या राहिल्या याची तितकीशी झाली नाही. चूल ही वाटपाची वस्तू नव्हे. ती नित्य वापराची आणि निगराणीची वस्तू आहे, हा धडा शासनाने उशिरा घेतला. घरातील धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसे मृत्यू पावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यात स्त्रियांचा आणि मुलांचा वाटा मोठा, हे सांगावयास नकोच.

बंबाचा अस्त मात्र निराळ्या कारणाने झाला. मुंबईत १९५५ च्या सुमारास घरगुती गॅस आला, १९६५ साली ‘इंडेन’चे सिलिंडर निघाले, विजेचे हीटर पाठोपाठ आले. शहरांतील खोल्या लहान झाल्या, परसे गेली, कोळशाची राख टाकावयास जागा राहिली नाही. तेव्हा माळ्यावर गेलेला बंब एके दिवशी मोडीत निघाला आणि त्याच्या तांब्याच्या वजनावर स्टेनलेस स्टीलची भांडी आली. तांबट आळीतील मोठ्या कामाच्या हातोड्या मंदावल्या. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गॅस खेड्यापाड्यांतही नेला. पण सिलिंडर परवडेनासे झाले की चुलाणाखाली पुन्हा काटक्या सरकतात. स्वयंपाक गॅसवर आणि न्हाण चुलाणावर, अशी विभागणी महाराष्ट्रातील अनेक घरांत आजही दिसते. गच्चीवरच्या सूर्यतापकाला मराठी माणसाने ‘सौर बंब’ म्हटले, हे शब्दाचे चिवटपण. विस्तव गेला, धूर गेला, बंब राहिला. आणि थंड पाणी जड म्हणून खाली, ऊन पाणी हलके म्हणून वर, हा त्यातील खेळ इंग्रजी चुलीमागच्या पेटीतलाच आहे.

चेन्नईहून बंगळूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर इरुंगाट्टुकोट्टै नावाचे ठिकाण आहे. तेथे १९९८ पासून मोटारी तयार होतात. मोटारीच्या इंजिनातही इंधनाच्या उष्णतेचा मोठा वाटा गतीच्या कामी येत नाही. इंजिनाभोवती फिरणारे पाणी त्यातील बरीचशी वाहून नेते. थंड देशांत याच पाण्याने गाडीतील माणसांना ऊब दिली जाते. चूल बदलली, इंधन बदलले, पेटीचे पत्रे बदलले. पण आगीने टाकून दिलेली ऊब पाण्याच्या हाती देऊन माणसाच्या कामी लावणे, ही युक्ती तीच राहिली. ज्या मुलखात हिवाळ्यात कांबळे पुरेसे होते, तिथे ही परदेशच्या थंडीची सोय घडते.

घरोघरी मातीच्या चुली असे आपण म्हणतो, ते माणसांचे दोष सारखेच असतात हे सांगण्यासाठी. पण चुली खरोखर सारख्या नव्हत्या. कोणाच्या चुलीला वैल होता, कोणाच्या न्हाणीत बंब होता, आणि कोणाकडे तीन दगड तेवढे होते. उष्णतेचा दहावा हिस्सा पदरात पडला की तिसरा, याचा हिशेब शास्त्र करते. तो हिस्सा कोणाच्या मानेवरून आला आणि कोणाच्या डोळ्यांतून पाणी काढून गेला, हा हिशेब इतिहासाने करावयाचा असतो. दोन हजार वर्षांपूर्वी धूर पुरता जाईपर्यंत रोग्याला बाहेर थांबविण्याची काळजी घेतली गेली होती. ती काळजी चुलीपुढे बसणाऱ्या निरोगी बाईलाही लाभावी, यासाठी या देशाला फार काळ वाट पाहावी लागली. आणि कित्येक घरांत ती वाट अजून संपलेली नाही.